उत्तर आल्यावरच घ्यायचं

नाशिक,
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय संजना,
जयभीम.

पाकीट पाहून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. हल्ली दारात पोस्टमन दिसला की माणसाला नोटीसच आठवते, म्हणून आधी हे सांगून टाकलं.

सुट्टीत तुझ्याकडे राहिलो तेव्हा जे बोलायचं होतं ते आईसमोर बोलता आलं नाही. तिची वाचा गेली, उजवी बाजू गेली, पण कान शाबूत आहेत आणि डावी भुवई त्याहून शाबूत. त्या एका भुवईने ती मला अजून गप्प बसवते. म्हणून हा कागद.

निघायच्या दिवशी चपला शोधायला आईच्या पलंगाखाली हात घातला. चपला मिळाल्या नाहीत, खोकी मिळाली. भाजी चिरायचं यंत्र, आणि त्याच्यामागे तेच यंत्र पुन्हा. पाय दाबायचं यंत्र. भोवती दिवे लागणारा आरसा. मांजराचे केस विंचरायचा ब्रश. संजना, आपल्याकडे मांजर नाही. कधी नव्हतं. बहुतेक खोक्यांची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. नवनाथला जीपमध्ये विचारलं, तर तो म्हणाला, "सर, वणीहून सुरगाण्याला माझी गाडी मॅडमच्या पार्सलवरच चालती." तो हसला. मीही हसलो. घाट उतरेपर्यंत हसू उतरलं होतं.

आता कडू भाग. तुझ्या वहिनीचं, राखीचं म्हणणं आहे की आईला इकडे आणून एखाद्या शुश्रूषागृहात ठेवावं. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळे घरी आणणं शक्य नाही हे तुलाही माहीत आहे. राखी वाईट नाही. तिने ती खोकी पाहिली आणि विचारलं, "स्वतःला आवरता येत नाही ती आईंना कशी आवरणार?" उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबू, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तोवर खोकी थांबली तर आई तुझ्याकडेच. नाही थांबली तर मी गाडी घेऊन येईन. हे धमकीसारखं वाटलं तर ती धमकीच आहे, फक्त आवाज खालचा ठेवला आहे.

मी पडलो संस्कृतचा मास्तर. मला दोनच कामं येतात, सूत्र करणं आणि त्यावरचं भाष्य लांबवणं. तेव्हा घे.

सूत्र पहिलं. खायचं आणि औषध सोडून काहीही घ्यावंसं वाटलं तर आधी मला पत्र लिहायचं. कागदावर, टपालाने. माझं उत्तर टपालानेच येईल. ते आल्यावरच घ्यायचं. फोनवर हा विषय काढायचा नाही, कारण फोनवर तू रडशील आणि मी हो म्हणेन. आपला हा व्यवहार तू पाच वर्षांची असल्यापासून चालू आहे.

सूत्र दुसरं. नाही म्हटलेली वस्तू महिनाभर पुन्हा मागायची नाही. महिन्यानंतरही हवीशी वाटली तर खुशाल लिही.

भाष्य एवढंच, की सुरगाण्याहून पत्र येऊन उत्तर परत जायला आठवडा जातो. मांजराच्या ब्रशची इच्छा आठवडाभर तग धरत नाही. पौर्णिमेला विहारात 'तृष्णा' शब्द ऐकून आपण माना डोलावतो. तिच्यावरचा इलाज भारतीय टपाल खात्याकडे असेल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

आईला सांग, मी चपलांशिवाय परत आलो. दोन्ही तिच्या पलंगाखालीच आहेत.

तुझा,
दादा


सुरगाणा,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
जयभीम.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. सगळ्यांसमोर उघडावं लागलं. शिपाई म्हणाला, "मॅडम, लग्नपत्रिका का?" मी हो म्हटलं.

तू लिहिलंस ते खरं आहे. तुला सांगायला लाज वाटते, पण लिहायला जरा कमी वाटते, म्हणून लिहिते.

ऑफिसातून आले की कुसाबाई निघते. तिला तिची म्हैस असते. मग मी आईला पेज भरवते, पुसते, कूस बदलते. आई डोळे मिटते. त्यानंतर घरात बोलणारं कोणी नसतं. हे गेल्यापासून नव्हतंच, पण आई बोलायची तोपर्यंत कळलं नव्हतं. मग फोन हातात येतो. एक चित्र सरकवलं की दुसरं. मला काही घ्यायचं नसतं रे. पण बटण दाबलं की लगेच निरोप येतो, तुमची वस्तू निघाली. मग उद्या ती भिवंडीला असते, परवा नाशिकला, मग वणीला. तेवढे दिवस काहीतरी माझ्याकडे यायला निघालेलं असतं. नवनाथ खालून हाक मारतो, "संजना मॅडम!" आख्ख्या आळीत माझं नाव ऐकू येतं. ते झालं की झालं. खोकं उघडायचं कारण उरत नाही.

हे तुला येडेपणा वाटेल. मलाही वाटतो, पण खोकं आल्यावर. आधी नाही.

आईला नेऊ नकोस. ती माझ्याजवळ आहे म्हणून मी घरी येते, नाहीतर कशाला आले असते? तुझी दोन्ही सूत्रं मला मान्य आहेत. फोनमधून ती सगळी दुकानं काढून टाकली. कुसाबाईला साक्षीला बसवलं होतं. ती म्हणाली, "बाय, दुकान गेलं तरी हात हायेच."

आता पहिला अर्ज. आईसाठी रस काढायचं एक छोटं यंत्र आहे. तिला गिळायला त्रास होतो. हे खाण्यात मोडतं ना? मोडत असेल तर लगेच कळव.

तुझी,
संजना


नाशिक,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय संजना,
जयभीम.

अर्ज पोहोचला. रस हे खाणं आहे. यंत्र हे यंत्र आहे. ते चावून दाखवलंस तर पुनर्विचार करू.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला. तुला वस्तू नको असते, तुला वाट बघायची असते. एवढं निदान तू स्वतः केलंस, मला फी द्यावी लागली नाही. वाट बघायला माझी हरकत नाही. फक्त शेवटी खोकं येण्याऐवजी माझं पत्र येईल. त्याला पलंगाखाली जागा कमी लागते.

पण अर्जात मला एक खोड दिसली. पलंगाखालचा तो साठा आठव. पाय दाबायचं यंत्र कुणासाठी? निघताना विचारलं तेव्हा तू म्हणालीस, आईसाठी. भाजीचं यंत्र? आईला बारीक भाजी लागते. दिव्यांचा आरसा? आईला चेहरा बघता यावा. ब्रशबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही, तूही आईचंच नाव घेतलं असतंस. आई हा शब्द घातला की मला नाही म्हणता येत नाही हे तुला माहीत आहे, आणि तुला स्वतःलाही नाही म्हणता येत नाही. खरा घोटाळा तिथे आहे.

म्हणून सूत्र तिसरं. आईचं नाव पुढे करायचं नाही. जे मागायचं ते स्वतःच्या नावाने मागायचं. 'मला हवं आहे' असं लिहायचं, बस्स. त्या तीन शब्दांवर अर्ज उभा राहिला तर राहिला.

रागावू नकोस. रागावलीस तर तसं पत्र पाठव, तेवढीच तुझी दोन संध्याकाळची सोय.

तुझा,
दादा


सुरगाणा,
१५ डिसेंबर २०२५

ती. दादास,
जयभीम.

तिसरं सूत्र मान्य. राग आला होता, पण पत्र लिहायला बसले तोवर गेला.

एक महिना झाला, एकही खोकं नाही. नवनाथ परवा मुद्दाम चौकशीला आला, "मॅडम, तब्येत बरी हाय ना?" त्याला वाटलं मी आजारी आहे. जुनी खोकी ऑफिसात वाटली. दिव्यांचा आरसा शिपायाने नेला, बायकोला. मांजराचा ब्रश कुसाबाईने म्हशीला लावला. म्हैस खूश आहे म्हणते.

आता माझे अर्ज. सगळे माझ्याच नावाने.

१. मला पाण्यावर तरंगणारा दिवा हवा आहे.
२. मला अंड्याचं कवच गोल कापायची कात्री हवी आहे.
३. मला पाठ खाजवायचा लांब हात हवा आहे, तो दुमडून पर्समध्ये मावतो.

उत्तर सविस्तर दे. दोन ओळींत उरकू नकोस. पोस्टमन गुरुवारी येतो, मी त्या दिवशी खिडकीजवळचं टेबल घेते.

तुझी,
संजना


नाशिक,
२३ डिसेंबर २०२५

प्रिय संजनादेवी,
जयभीम.

अर्जदार भगिनीचे तिन्ही अर्ज पूर्ण पीठासमोर मांडले. पीठात मी, राखी आणि कुकरच्या शिट्ट्या.

तरंगणारा दिवा: नामंजूर. तुमच्याकडे पाणी टँकरने येतं, त्यात दिवा तरंगवणं हा पाण्याचा अपमान आहे. अंड्याची कात्री: नामंजूर. आजवर आपल्या घराण्यात अंडं कपाळावर फोडायचीही प्रथा होऊन गेली आहे, बाबांना आठव. पाठ खाजवायचा हात: इथे मात्र मी थबकलो. राखी म्हणाली, "ही आता मुद्दाम मागते आहे. तुमच्या उत्तरासाठी." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. तरीही नामंजूर, पण खेदपूर्वक.

खरं सांगू? शाळेतून निघताना मीच आता तिथल्या पेटीत डोकावतो. आठवडाभर तुझा अर्ज आला नाही तर चुकल्यासारखं होतं. तेव्हा मागत राहा. मी नाकारत राहीन. या व्यवहारात दोघांचाही फायदा आहे.

आईचा रविवारचा हुंकार फोनवर ऐकतो. मी म्हटलं, आई, तुझी लेक सुधारली, तर लांबलचक हुं आला. त्याचा अर्थ 'बघू' असा मी लावला.

राखीही म्हणते, आता शुश्रूषागृहाचं नाव नको काढायला. असंच राहिलं तर उन्हाळ्यात मी गाडी न आणता नुसते आंबे घेऊन येईन.

तुझा,
दादा


सुरगाणा,
५ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
जयभीम.

मला एक गादी हवी आहे. पलंगावर टाकायची. तिच्यात हवेचे कप्पे असतात आणि विजेवर चालणारा छोटा पंप असतो. कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे अंग एकाच जागी दाबून राहत नाही. नाशिकला मिळते, नाहीतर फोनवरून मागवावी लागेल.

सूत्राप्रमाणे लिहिते: मला हवी आहे.

हा अर्ज आधीच्यांसारखा नाही. याहून जास्त कसं लिहायचं ते कळत नाही.

रविवारी आईचा हुंकार बारीक आला म्हणालास. ती झोपेत होती. बाकी ठीक.

उत्तर लवकर लिही. सविस्तर नसलं तरी चालेल.

तुझी,
संजना


नाशिक,
१३ फेब्रुवारी २०२६

प्रिय संजना,
जयभीम.

वा! बहीण शय्येपर्यंत पोहोचली. जुन्या काव्यातल्या राजकन्या हंसाच्या पिसांच्या गादीवर निजत. ती गादी बिचारी एका जागी पडून राहायची. तुझी मात्र राजकन्येला रात्रभर वरखाली करणार, तेही महावितरणच्या भरवशावर. मध्येच वीज गेली की राजकन्या अर्धी फुगलेली, अर्धी बसलेली.

'हा अर्ज आधीच्यांसारखा नाही' हे वाक्य आवडलं. प्रत्येक खोकं पलंगाखाली जाण्याआधी हेच वाक्य बोललेलं असणार. ते पाय दाबायचं यंत्र आठव. तेही अंगाला आराम देणार होतं. चिकटपट्टी निघाली नव्हती.

नामंजूर. दुसरं सूत्र तुला ठाऊक आहे. महिन्याने विचार.

एवढं ठणकावून सांगतो कारण तू फार छान टिकवलं आहेस. शेवटच्या टप्प्यावर एका गादीने हे घालवू नकोस. मार्चमध्ये दहावीच्या पेपरांचे गठ्ठे येतील, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर समजून घे. मी मेलेलो नसेन, विद्यार्थ्यांची विभक्तिरूपं वाचत असेन. दोन्हीत फरक थोडाच.

तुझा,
दादा


सुरगाणा,
१४ मार्च २०२६

ती. दादास,
जयभीम.

नामंजुरीला महिना झाला.

मला अजून ती गादी हवी आहे. महिन्यात एक दिवसही तिचा विचार डोक्यातून गेला नाही. इच्छा आठवडाभर तग धरत नाही असं तू लिहिलं होतंस. ही धरून आहे.

खूपदा वाटलं की माझंच चुकतंय. हल्ली मला काही हवंसं वाटलं की मी आधी स्वतःवर संशय घेते. मग वाटतं, हेही पूर्वीसारखंच असेल. मग बघते, तर तसं नसतं. मग पुन्हा वाटतं, तेव्हाही असंच वाटायचं.

तू हो म्हण. किंवा नाही म्हण. पण लवकर.

संजना


नाशिक,
२३ मार्च २०२६

प्रिय संजना,
जयभीम.

गठ्ठ्यांखालून हात वर काढून लिहितो आहे. तुझं पत्र शाळेच्या पेटीत आठवडाभर पडून होतं, आज हाती आलं.

महिनाभर टिकलेली इच्छा! माझ्या सूत्रात तिची तरतूद आहे आणि मी शब्दाचा पक्का आहे. मंजूर. घे तुझी गादी. एक फुगायचं आणि एक बसायचं हे तिचं व्रत पाहायला मी मे महिन्यात स्वतः येईन, आणि तू ऑफिसला गेलीस की तिच्यावर झोपेन.

पत्राचा सूर जरा उतरलेला वाटला. ऑफिसात मार्चअखेरचं काम वाढलं असेल. गादीवर पडल्यावर ठीक होईल.

आईला सांग, दादाने हो म्हटलं. तिची भुवई कुठे जाते ते कळव.

तुझा,
दादा


नाशिक,
१४ एप्रिल २०२६

संजना,
जयभीम.

आज जयंतीची मिरवणूक खालून चालली आहे. राखी गॅलरीत आहे. मी आत आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो.

कुसाबाईचा फोन आला त्या दिवसापासून मी तोच एक प्रसंग पाहतो आहे. नवनाथच्या जीपमध्ये मागच्या बाकावर आई, तिचं डोकं तुझ्या मांडीवर, आणि दवाखान्याच्या दारात मी. आईला ताप आहे, एवढंच मला माहीत होतं. डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं तेव्हा मी पहिल्यांदा तिची पाठ पाहिली. तिथे पाठ नव्हती, संजना. तळहात मावेल एवढी जखम होती आणि आत हाड दिसत होतं. रक्तात जंतू गेले, असं ते म्हणाले. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "हवेची गादी वापरत नव्हता का?"

तू म्हणालीस, "दादाला विचारलं होतं."

तुझ्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तू नुसती माहिती दिलीस, जसं वय सांगितलं, गाव सांगितलं.

आई गेली, तिचं सगळं झाल्यावर तुला सोडायला सुरगाण्याला आलो. तू कुलूप काढलंस आणि ऑफिसच्या शिपायाने दाराच्या फटीतून सरकवलेलं माझंच पाकीट तुझ्या पायाशी आलं. ते उचलून घ्यायला मी वाकलो, पण तू आधी उचललंस. उभ्यानेच वाचलंस. घडी घातलीस आणि म्हणालीस, "दिली परवानगी." मग मला पाणी आणून दिलंस.

तू एक शब्द लिहायचा होतास. आई. फक्त तेवढाच. मी रात्रीच गाडी करून गादी घेऊन आलो असतो. हे लिहिल्यावर मी तिसरं सूत्र पुन्हा वाचलं, तुझ्या कपाटात नसेल तर माझ्याकडे कच्चा कागद आहे. ते माझ्याच अक्षरात आहे. लिहिताना माझी मला गंमत वाटली होती, हे मला आठवतं.

तिन्ही सूत्रं रद्द. आजपासून तुला जे लागेल ते घे, जे हवंसं वाटेल ते घे. खोकी येऊ देत. मला विचारू नकोस.

एकदा फोन उचल.

दादा


सुरगाणा,
२२ एप्रिल २०२६

ती. दादास,
जयभीम.

पत्र मिळालं. फोन उचलत नाही कारण फोनवर तू रडशील आणि मी काहीतरी हो म्हणेन.

तुला जे माहीत नाही ते लिहिते.

जानेवारीच्या शेवटी कुसाबाईने आईला पुसताना दाखवलं. माकडहाडावर लाल डाग होता. "बाय, लय लाल झालंय. दाबलं तरी लालच राहतंय." मी ऑफिसात असताना ती एकटी आईला नीट वळवू शकत नाही, तीही म्हातारीच आहे. इथल्या नर्सताई म्हणाल्या, हवेची गादी लागेल. मी फोन हातात घेतला. तुला करायला. मग वाटलं, पाठ फुटली हे कळलं की तू गाडी घेऊन येशील. स्वतःला आवरता येत नाही ती आईला कशी आवरणार. ते वाक्य तूच कळवलं होतंस. आणि ते खरं ठरत होतं.

म्हणून फक्त गादी मागायची ठरवली. पत्र लिहिताना पहिल्या कागदावर 'आईसाठी' असंच लिहिलं होतं. मग तो फाडला. आईच्या नावाने मी इतकी खोटी खोकी आणली होती की खऱ्या वेळी तिचं नाव घेतलं तरी तू हसशील, आणि सूत्र मोडलं म्हणून नाही म्हणशील, असं वाटलं. सूत्र पाळलं तर हो म्हणशील, असंही वाटलं. म्हणून पाळलं. नीट पाळलं, दादा.

तुझं नामंजूरचं पत्र आलं त्या संध्याकाळी ते मी आईला वाचून दाखवलं. राजकन्येचं ऐकून तिची भुवई वर गेली. ती हसली. तिचं शेवटचं हसणं ते. ते तुझंच आहे, तू ठेवून घे.

कुसाबाई भांडली माझ्याशी. "दादाला सांग नायतर मी सांगते. असला कसला नियम? औषध चालतं ना तुमच्यात? मग ही गादी औषधच हाय." मी विचार केला, औषधात मोडते का. चिठ्ठीवर लिहिलेली नव्हती, दुकानात औषधाच्या फळीवर नव्हती. आणि मोडते असं मीच ठरवलं असतं तर मग रसाचं यंत्रही खाण्यात मोडलं असतं. आपल्याला हवं ते बरोबर खात्यात बसवायची मला सवय आहे, तूच दाखवून दिलंस. म्हणून तिला म्हटलं, उत्तर येऊ दे. आम्ही खाली गोधड्यांच्या घड्या घातल्या, आळीपाळीने. हळद लावली. पावडर लावली. महिना मोजत होते ते गादीसाठी नव्हे, आईसाठी, पण ते लिहिता येत नव्हतं.

तुझी काय चूक, माझी काय, हे मी मांडत नाही. तू म्हणतोस एक शब्द लिहायचा होता. तो शब्द तू काढून घेतला होतास, आणि त्याआधी मी तो वापरून वापरून संपवला होता.

गादी मागवली. परवानगी होती म्हणून. परवा नवनाथने खालून हाक मारली, "संजना मॅडम!" खूप महिन्यांनी. त्याला माहीत नव्हतं आत काय आहे. चिकटपट्टी मी लगेच काढली. आईच्या पलंगावर पसरली, पंप लावला. चांगली आहे. आवाज अगदी बारीक, कोणी झोपेत श्वास घ्यावा तसा. एक रांग फुगते, एक बसते. कुसाबाईने पाहिलं आणि म्हशीचं निमित्त सांगून गेली. मी बंद केलेली नाही.

सूत्रं रद्द केलीस ते वाचलं. पण ती कागदावर नाहीत ना आता, त्यामुळे रद्द होत नाहीत. रविवारच्या बाजारात गेले होते. तुला वाटेल मी पुन्हा खोकी मागवेन. नाही रे. तिथे झुंबरबाई बसते, किराण्याची. तिच्यासमोर उभी राहिले. ती विचारते, "काय देऊ, मॅडम?" आणि मला सांगता येईना. मला लागतंय का नुसतं हवंय, ते कळेना. मागे लोक थांबले होते. मी तशीच परत आले.

म्हणून विचारते. खाण्याला परवानगी लागत नाही हे मला पाठ आहे, तरी विचारते.

घरातलं मीठ संपलं आहे. घेऊ का?

उत्तर टपालानेच पाठव. गुरुवारी मी खिडकीजवळ बसते.

संजना